लाँग रनचा कंटाळा : कान, डोळे आणि डोकं कुठे गुंतवावं?

उंबरठ्यापाशी (धागाकर्ते)

दहा-बारा आठवडे नेमाने पळून ५-६ किमी जमायला लागलं की पुढची अडचण पायांची नसते. दम पुरतो, गुडघे कुरकुरत नाहीत, पण पस्तीस-चाळीस मिनिटांनंतर डोकं ‘झालं की आता’ म्हणून मागे लागतं. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या अर्ध्या अंतरासाठी, म्हणजे २१.०९७ किमीसाठी, सराव करणाऱ्यांना रविवारी लाँग रनला, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब पळण्याला, दोन-अडीच तास रस्त्यावर काढायचे असतात. तिथे दमापेक्षा कंटाळाच लवकर घरी पाठवतो.

‘इच्छाशक्ती वाढवा’ छापाचे सल्ले कृपया नकोत. काय ऐकावं, कधी ऐकू नये, काहीच ऐकायचं नसेल तर डोकं कशात घालावं, आणि पहाटे सव्वापाचला दाराबाहेर पडावं कसं, एवढंच लिहा. काय बिघडतं आणि का बिघडतं, तेही येऊ द्या.

पोटरीपुराण

आधी तो कंटाळाच आहे ना, हे तपासा. पस्तिसाव्या मिनिटाचा नकोसेपणा ही बहुतेक वेळा पहिल्या दोन किलोमीटरची उधारी असते. सुरुवातीला पाय ताजे, हवा गार, त्यामुळे पेस (पळण्याचा वेग, किलोमीटरला किती मिनिटं असा मोजलेला) ठरवल्यापेक्षा किलोमीटरमागे अर्धा-पाऊण मिनिट पुढे जातो. त्याचं व्याज नंतर भरावं लागतं आणि आपण म्हणतो ‘मूड नाही’.

नकोसं झालं की थांबू नका, पाच मिनिटं पेस किलोमीटरमागे ४० सेकंदांनी उतरवा. मूड परत आला तर दोष पेसचा होता. प्लेलिस्ट बदलून त्याचा उपयोग नाही.

दुसरं कारण पोट. ७५ ते ९० मिनिटांपर्यंत पाण्यावर निभावतं. त्यापुढच्या रनला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. भूक लागल्यावर खायचं ठरवलंत तर उशीर झालेला असतो, त्यामुळे चाळिसाव्या-पंचेचाळिसाव्या मिनिटाला अर्धं केळं किंवा दोन-तीन खजूर, आणि मग दर अर्ध्या तासाने तसंच. खजुराच्या बिया घरीच काढून ठेवा, पळताना बी थुंकायचा खेळ ठसक्यावर जातो.

तिसरं ऊन आणि दमटपणा. मुंबई-कोकणात ऑक्टोबरात सकाळी सात वाजताही घाम वाळत नाही, म्हणजे अंग थंड होत नाही. तिथे पेस पाहणं सोडा, श्रम पाहा. चक्कर, मळमळ किंवा उन्हातही अंगावर काटा आला तर मन रमवायचं नाही. सावलीत चाला, डोक्यावर-मानेवर पाणी ओता, रन तिथेच संपवा.

हे तिन्ही नसेल तर तो खरा कंटाळा. त्यावर बाकीचे लिहितीलच.

मंद_सप्तक

संगीताबद्दल. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कोस्टास काराजॉर्जिस अनेक वर्षं हाच विषय अभ्यासताहेत. त्यांच्या कामाचं सार असं, की हलक्या ते मध्यम श्रमात संगीतामुळे श्रम सुमारे दहा टक्क्यांनी कमी वाटतात. श्रम जोरदार झाले की हा फायदा जवळजवळ उरत नाही, कारण तेव्हा छाती आणि पाय इतक्या जोराने निरोप पाठवतात की मेंदूला गाण्याकडे लक्ष द्यायला सवडच मिळत नाही. म्हणून गाणी इझी (बोलता येईल इतक्या सावकाश) आणि लाँग रनला, इंटरव्हलला (थोडं जोरात पळणं, मग चालणं, असं आलटूनपालटून) नाहीत. इंटरव्हलच्या मधल्या चालण्यात ऐकायला हरकत नाही.

गाण्याचे ठोके मिनिटाला १२० ते १४० असले तरी चालतात, पावलांशी जुळलेच पाहिजेत असं नाही. जुळवायचेच असतील तर आधी आपली पावलं मोजा. उजवा पाय ३० सेकंदांत किती वेळा पडला ते मोजून चारने गुणा. ४१ वेळा पडला तर १६४. मग १६०-१६५ ठोक्यांची किंवा त्याच्या निम्म्याची, म्हणजे ८०-८२ ची गाणी घ्या. निम्म्या ठोक्यांच्या गाण्यात दर दुसरं पाऊल तालावर पडतं आणि ते जास्त सुखाचं असतं.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी : विलंबित ख्याल पळताना अवघड जातो. दोन मात्रांमधल्या अंतरात पाय तीनचार वेळा पडतात आणि ताल हातातून निसटतो. मध्य लयीपासून पुढचं घ्या. ढोल-ताशाचं ध्वनिमुद्रण अंगात येतं खरं, पण पाच मिनिटांत पेस बिघडवतं. ते शेवटच्या किलोमीटरसाठी राखून ठेवा.

लिंबूसरबत

+१. पण १७० ठोक्यांची गाणी लावली की पाय आपोआप पळत सुटतात आणि पोटरीपुराण म्हणतात ती उधारी तिथेच होते. त्यावर काय?

मंद_सप्तक

@लिंबूसरबत, यादी उलटी लावा. पहिली १५ मिनिटं बोलणं ऐका, म्हणजे बातम्या, पॉडकास्ट, काहीही ज्याला ठेका नाही. मग मध्यम गाणी. सगळ्यात वेगवान चार गाणी शेवटच्या पंधरा मिनिटांत. ‘शफल’ बंद ठेवायचं, नाहीतर ही सगळी मांडणी फुकट.

आणि दोन तासांच्या रनला दोन तासांची गाणी नकोत. सतत वाजणारं गाणं अर्ध्या तासात पंख्याच्या आवाजासारखं होतं, ऐकूच येत नाही. २० मिनिटं गाणी, १० मिनिटं शांतता, असं आलटूनपालटून केलं की दरवेळी गाणं नव्याने लागू पडतं. फोनला हात लावायचा नसेल तर प्लेलिस्टमध्येच दहा मिनिटांची कोरी फाइल टाका. फोनच्या रेकॉर्डरवर शांत खोलीत दहा मिनिटं रेकॉर्ड केलं की झाली.

कानातवारा

एक विरोधी सूर. भारतातल्या रस्त्यावर दोन्ही कान बंद करून पळणं मला मुळीच पटत नाही. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून फुटपाथ नसेल तिथे पळणाऱ्याने रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळायचं. तरीही उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाक्या पाठीमागून येतातच, आणि त्या फक्त ऐकू येतात.

कुत्र्यांचंही तेच. गुरगुरणं पंचवीस पावलांवरून ऐकू आलं तर पळणं थांबवून चालायला लागता येतं. कान बंद असले तर कुत्रं पोटरीपाशी आल्यावरच कळतं, आणि तेव्हा दचकून धूम ठोकली की ते हमखास मागे लागतं. थांबा, डोळ्यांत बघू नका, हात अंगाशी धरून तिरके चालत निघा. चावलंच, किंवा नुसता दात लागून ओरखडा उठला, तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना गाठायचा. हळद-चुना लावू नका.

पहाटेची_गिरणी

@कानातवारा, मुद्दा बरोबर, पण त्याला मधला मार्ग आहे. फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ सुरू करा. मग एकाच कानात बड (बिनवायरचा छोटा इअरफोन) घातला तरी गाण्यातलं काही हरवत नाही. तो कान फुटपाथच्या बाजूचा, रस्त्याकडचा कान मोकळा. हाडातून आवाज पोचवणारे हेडफोन कान पूर्ण मोकळे ठेवतात, पण बसच्या गोंगाटात त्यांवरचं बोलणं कळत नाही. मग माणूस आवाज वाढवत जातो, आणि मोकळ्या कानाचा फायदाच संपतो. आवाज कमालीच्या साठ टक्क्यांच्या आत ठेवा. त्यात बोलणं कळत नसेल तर रस्ता चुकीचा आहे, टेकडीवर किंवा मैदानात जा.

बायकांसाठी विशेष : उजाडण्यापूर्वी एकट्याने पळताना कान दोन्ही मोकळे, काहीही न ऐकता. घरच्या कुणाला तरी व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन, मुदत एक तासाची नको, आठ तासांची निवडा. एक तासाची मुदत लाँग रनच्या ऐन मध्यात संपते. मार्ग आणि वेळ आठवड्यातून दोनदा तरी बदला. रनिंग अ‍ॅपवर घराभोवतीचा भाग लपवायची सोय असते, ती चालू करा. रोजच्या नकाशाचं टोक सगळ्यांना तुमचं फाटक दाखवत असतं. मन रमवणं याच्या नंतर.

पाढेवाला

कानात काही नको असेल त्यांच्यासाठी डोक्यातले खेळ.

पहिला, शंभऱ्या. फक्त उजव्या पायाची पावलं मोजायची. मिनिटाला १६५ पावलं पडत असतील तर उजव्या पायाची शंभरी सुमारे ७३ सेकंदांत होते. साडेसात मिनिटांच्या पेसला एका किलोमीटरला साधारण सहा शंभऱ्या. दर शंभरीला एक बोट मिटायचं. ब्रिटिश मॅरेथॉनपटू पॉला रॅडक्लिफही शर्यतीत मोजत असे. तिच्या हिशेबाने तीनदा शंभर म्हणजे एक मैल. मोजायची पद्धत वेगळी, पण सर्वोच्च पातळीवरही हेच चालतं हे लक्षात घ्या.

दुसरा, पाढे. एकोणतीसचा पाढा उलटा : २९०, २६१, २३२, २०३... जुन्या लोकांना सवायकी-दिडकी-अडीचकी (सव्वा, दीड, अडीचचे पाढे) येत असेल तर सोन्याहून पिवळं. ही करमणूक आहे, आणि श्रम मोजायचं यंत्रही आहे. इझी पेसला पाढा नीट येतो. ‘एकोणतीस साते’ला अडखळायला लागलात तर पेस वाढलाय.

तिसरा जरा वेगळा. भुजंगप्रयात वृत्तातला पाठ असलेला कुठलाही श्लोक घ्या. ओळीत बारा अक्षरं, लघु-गुरु-गुरु असे चार गट. एक गट दोन पावलांत बसवायचा, म्हणजे ओळ आठ पावलांत. पुटपुटत म्हणा. अख्खी ओळ एका श्वासात गेली तर रन खरोखर इझी आहे. सहाव्या अक्षरावरच श्वास घ्यावा लागला तर पेस उतरवा. घड्याळाशिवाय पळणाऱ्यांना याहून स्वस्त साधन नाही. (लोक बघतात. बघू देत.)

चौथा, नंबरप्लेटी. एमएच ०१ पासून क्रमाने सापडवत जायचं. पुण्यात एमएच १२ आणि १४ ढिगाने, एमएच ११ साताऱ्याची, ०९ कोल्हापूरची सहज भेटते. नागपूरच्या ३१ साठी कधी पंधरवडा लागतो, म्हणून हा खेळ एका रनमध्ये संपत नाही. जिथे अडकलात तिथून उद्या पुढे. फक्त रस्ता ओलांडताना खेळ बंद.

यवतेश्वरचा_चढ

वरचं सगळं इझी रनचं. शर्यतीत आणि घाटात गणित फिरतं. विल्यम मॉर्गन आणि मायकेल पोलॉक या संशोधकांनी १९७७ मध्ये मांडलं, की सामान्य मॅरेथॉनपटू मन दुसरीकडे नेतात, पण अव्वल धावपटू उलट करतात. ते शरीराकडेच लक्ष ठेवतात : श्वास, मांड्या, खांदे. वेग राखायचा असेल तर हेच उपयोगी पडतं. मन भटकलं की पेस सुटतो, आणि तो सुटलेला कळतही नाही.

पण ‘शरीराकडे लक्ष’ म्हणजे ‘किती दुखतंय’ असं विचारत बसणं नव्हे. एक ठरलेली फेरी मारायची : कपाळ सैल, जबडा सैल, खांदे कानांपासून खाली, मुठीत पापड धरलाय आणि तो मोडायचा नाही अशी बोटं, पावलं लहान. सगळं मिळून दहा सेकंद. चढावर दर दोन मिनिटांनी, सपाटीवर दर किलोमीटरला. केनियाचा मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे कठीण टप्प्यात हसतो, तेही चेहरा आणि खांदे सैल पडावेत म्हणून. १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात त्याने मॅरेथॉनचं अंतर १:५९:४० मध्ये, म्हणजे दोन तासांच्या आत, पूर्ण केलं तेव्हा समोर वेगरक्षकांची फळी होती आणि गाडी रस्त्यावर लेझरची रेघ टाकत होती. नजरेला धरायला समोर काहीतरी होतं. तुम्हाला लेझर नको, समोरचा टीशर्ट पुरतो. आपल्याच वेगाचा, सुमारे दहा मीटरवरचा पळणारा निवडा आणि त्याच्या पाठीवर नजर ठेवा.

सातारा हिल मॅरेथॉनला पहिला अर्धा भाग यवतेश्वर घाटातून जवळजवळ सगळा चढ आणि परतताना उतार. तिथे एकूण किती उरलंय ते डोक्यात आणलंत की संपलं. वळण ते वळण पळा. वळण लांब असेल तर विजेचा खांब ते खांब : तीन खांब पळत, एक चालत. चालणं दमायच्या आधीच सुरू करायचं. दमून चालायला लागलेला माणूस परत पळायला लागायला फार वेळ घेतो. पेडर रोडचा चढ मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये इतकी वर्षं पस्तिसाव्या किलोमीटरनंतर येत आलाय, तिथेही हाच हिशेब.

आणि उतारावर कुठलाही खेळ खेळू नका. नजर दहा-बारा मीटर पुढे, पावलं लहान. पाढे म्हणत घाट उतरणाऱ्याचा घोटा मुरगळतो.

लिंबूसरबत

शर्यतीत इअरफोन चालतात का?

कानातवारा

जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांत स्पर्धेच्या मार्गावर रेडिओ, प्लेअर, फोनसारखी साधनं जवळ बाळगणं किंवा वापरणं हे ‘साहाय्य’ धरलं जातं. बक्षिसाच्या शर्यतीत असाल तर नकोच. हौशी गटात प्रत्येक आयोजकाचं धोरण वेगळं, नियमपुस्तिका वाचा. चालत असले तरी ढोल-लेझीम आणि बघ्यांचा आरडाओरडा फुकट मिळत असताना कान का बुजवायचे?

पानं_दुमडणारी

पुस्तकं ऐकण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. लाँग रनला गाण्यापेक्षा गोष्ट बरी, कारण तिच्यात ‘पुढे काय’ असतं. कॅथरीन मिल्कमन आणि सहकारी संशोधकांनी व्यायामशाळेत हाच प्रयोग केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला : खिळवून ठेवणारी श्राव्य पुस्तकं फक्त व्यायामशाळेतच ऐकायला मिळतील अशी अट घातली. सुरुवातीच्या आठवड्यांत त्या लोकांच्या खेपा वाढल्या. पुढे मोठी सुट्टी आली, खंड पडला आणि परिणाम ओसरला. तेव्हा अट महत्त्वाची, आणि खंड पडला की नवं पुस्तक घेऊन नव्याने सुरुवात.

अट कशी पाळायची : ते पुस्तक फक्त पळताना. फाटकात पोचलात की वाक्याच्या मध्येच बंद. प्रकरण संपवून थांबलात तर दुसऱ्या दिवशी ओढ राहत नाही.

निवड : रहस्यकथा, प्रवासवर्णन, चरित्र चालतं. कवितासंग्रह नाही, खूप पात्रांची ऐतिहासिक कादंबरी नाही, कारण श्वासाच्या आवाजात नावं निसटतात आणि मागे नेण्यासाठी घामट बोटांनी फोन झटापटीत काढावा लागतो. पुस्तक ऐकण्याचा वेग १ वरच ठेवा. नाटकाची ध्वनिमुद्रणं रस्त्यावर जमत नाहीत. कुजबुज ऐकू येत नाही आणि हशा कानठळ्या बसवतो. कीर्तनाचं मात्र छान जमतं : बोलणं, मध्ये अभंग, पुन्हा बोलणं. मंद_सप्तक यांची आलटूनपालटूनची योजना आयतीच मिळते.

ब्लूटूथवैद्य

मन रमवायला घेतलेलं यंत्रच डोकं फिरवतं, म्हणून थोडी डागडुजी.

मोकळ्या मैदानात ब्लूटूथ तुटतं, घरात तुटत नाही. कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातल्या पाण्यात शोषल्या जातात. घरात त्या भिंतीवरून परतून पोचतात, मैदानात भिंत नसते. फोन मागच्या खिशातून काढून दंडावर किंवा कमरेच्या पट्ट्यात पुढे, ज्या कानात बड आहे त्याच बाजूला ठेवा.

बडवर पाण्यापासून संरक्षणाची श्रेणी लिहिलेली असते. पावसाळ्यात आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोड्यांपुरतं संरक्षण. जुलैच्या पावसाला आयपीएक्स७ असलेलं बरं, पण बड चालला तरी त्याची डबी बहुधा तेवढी जलरोधक नसते. ओले बड डबीत टाकू नका. घामातल्या मिठाने चार्जिंगच्या टाचण्या हिरव्या पडतात आणि मग एकच बड चार्ज होतो. कोरड्या फडक्याने पुसा, अर्धा तास बाहेर राहू द्या.

नकाशात दोन किलोमीटरची सरळ रेघ दिसली तर जीपीएस बिघडलेलं नाही. फोनने बॅटरी वाचवायला अ‍ॅप झोपवलंय. त्या अ‍ॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘निर्बंध नाहीत’ निवडा. गाणी-पुस्तकं आधी डाउनलोड करून विमान मोड लावला तर बॅटरी खूप टिकते. ब्लूटूथ नंतर वेगळं सुरू करता येतं. पण लाइव्ह लोकेशन पाठवणाऱ्यांनी हे करू नये.

घड्याळावर क्षणाचा पेस दाखवणारा पडदा काढून टाका. झाडी आणि इमारतींमध्ये तो आकडा सहा ते नऊ असा उड्या मारतो आणि माणूस दर मिनिटाला मनगट बघतो. ‘लॅप पेस’ लावा, तो किलोमीटरची सरासरी दाखवतो.

पहाटेची_गिरणी

सव्वापाचचा प्रश्न राहिला. तिथे मनाला विचारूच नये. रात्रीच कपडे, मोजे, बूट, किल्ली, पाण्याची बाटली एका जागी. घड्याळ दुसऱ्या खोलीत. ‘जर-तर’ वाक्य आधीच ठरलेलं असावं : पाऊस असेल तर जिन्याच्या वीस फेऱ्या, झोप पाच तासांपेक्षा कमी झाली असेल तर फक्त चालणं, बाकी सगळ्या दिवशी दहा मिनिटं पळणं. दहा मिनिटांनंतर परतायची खरीखुरी मुभा द्यायची. ती खोटी असेल तर तिसऱ्या दिवशी मन ओळखतं.

ओले बूट हे पावसाळ्यातलं मोठं निमित्त. आतला तळ काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, रात्रभर पंख्याखाली. उन्हात किंवा हीटरपुढे ठेवलेत तर डिंक सुटतो.

उंबरठ्यापाशी (धागाकर्ते)

सगळ्यांचे आभार, सवडीने वर अनुक्रम करून लावतो. एक उरलंच : ज्यांना मैदानाच्या फेऱ्यांशिवाय पर्याय नाही, त्यांनी काय करावं? पंचवीस फेऱ्या मोजण्यातच जीव जातो.

पाढेवाला

४०० मीटरच्या ट्रॅकवर पहिल्या लेनमध्ये १० किमीला २५ फेऱ्या, पण आठव्या लेनची फेरी सुमारे ४५३ मीटर, तिथे २२ च पुरतात. वळणही सौम्य, गुडघ्याला बरं, आणि आतली लेन वेगाने पळणाऱ्यांना मोकळी राहते. मोजायला डाव्या मनगटात ११ रबरबँड घाला, दर दोन फेऱ्यांना एक उजवीकडे. बारीक नकोत, जाड भाजीच्या जुडीचे घ्या, घामात तुटत नाहीत. अर्धे रबर उजवीकडे गेले की दिशा उलटी करा, एकाच बाजूला सतत वळल्याने आतल्या पायाच्या घोट्यावर ताण येतो. मात्र ट्रॅकवर इतर कुणी असेल तर उलटं पळू नका, तेव्हा दिशा पुढच्या वेळी मातीच्या मैदानात बदला.